नऊ सुयांचं क्रोशे किट: पावसाळा आणि संक्रांत पार पडल्यावर

हे किट ऑनलाइन दहा वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, बदलतो तो फक्त डब्याचा रंग. त्यामुळे ब्रँडचं नाव देण्यात अर्थ नाही. डब्यात रबरी मुठीच्या नऊ अॅल्युमिनियमच्या सुया असतात, २ मिमीपासून ६ मिमीपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या मिमीने वाढत जाणाऱ्या. शिवाय लोकरीचे बारा छोटे गुंडे, टाक्यांची खूण ठेवायचे प्लॅस्टिकचे मार्कर, बोथट टोकाच्या शिवायच्या दोन सुया, कातरी आणि टेप. किंमत पाचशेच्या आत. ऐन पावसाळ्यात घेतलं आणि संक्रांतीच्या वाणापर्यंत सतत वापरात राहिलं. थोडक्यात सांगायचं तर सुयांचे पैसे वसूल झाले, लोकरीचे पाण्यात गेले.

आधी सुया. नऊपैकी रोज हातात राहते ती ४ मिमीची. सैल विणणाऱ्याला ३.५ लागते, जाड लोकरीला ५. बाकीच्या डब्यात पडून असतात. २ आणि २.५ मिमीच्या तर जवळजवळ निरुपयोगी: एवढ्या बारीक सुईला अॅल्युमिनियम मऊ पडतं, घट्ट टाक्यातून ओढताना मान वाकते. बारीक दोऱ्याचे रुमाल विणायचे असतील तर सुट्टी स्टीलची सुईच घ्यावी.

विकत घेतल्यावर पहिल्यांदा सुईच्या आकड्यावरून (दोरा ओढणाऱ्या वाकड्या टोकावरून) नखाची कड फिरवून बघा. साच्याची बारीक कंगोरी राहिली असेल तर प्रत्येक टाक्याला दोऱ्याचा एखादा पदर तिथे अडकतो आणि नवशिक्याला वाटतं, आपलाच हात बसत नाही. सर्वांत बारीक पॉलिश पेपर (१००० नंबर किंवा त्याहून वरचा) चार-पाच वेळा फिरवला की काम होतं. दुसरी तक्रार मुठीची. रबरी मूठ दांड्यावर नुसती ढकललेली असते. दमट हवेत हाताला घाम आला की ती दांड्याभोवती फिरायला लागते, मग आकड्याचं तोंड कुठे आहे ते बोटांना कळत नाही. मूठ काढून दांडा स्पिरिटने पुसावा आणि रबर चिकटवायच्या डिंकाचा थेंब लावून परत बसवावी. तिसरी गोष्ट अगदी क्षुल्लक, पण डोकं खाते: मापाचा आकडा कोरलेला नसून छापलेला असतो, तो घासून जातो. किट नवं असतानाच त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवावा.

लोकरीबद्दल फार चांगलं बोलता येत नाही. प्रत्येक गुंडा १०-१२ ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम २०-२५ मीटर. एवढ्यात फूल, कीचेन किंवा तोरणाची दोन-चार पानं होतात, त्यापलीकडे काही नाही. सगळी अॅक्रिलिक, पीळ सैल, त्यामुळे सुई दोऱ्यात शिरून तो फाटतो. वर गडद जांभळा, काळा, नेव्ही ब्लू असे रंग. काळ्यावर शिकायला बसणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं, टाका दिसतच नाही. आणि अॅक्रिलिकचे कोस्टर पाणी शोषत नाहीत, फार गरम भांड्याखाली वितळू शकतात. किटच्या डब्यावर मात्र फोटो कोस्टरचाच आहे!

त्याऐवजी फिक्या रंगाचं ८ प्लायचं कॉटन घ्यावं. पण लेबलवरच्या ‘८ प्लाय’वर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले ते, त्यावरून जाडी ठरत नाही. लेबलवर ग्रॅम आणि मीटर दोन्ही बघायचे: ५० ग्रॅमला ११० ते १२० मीटर असेल तर ४ मिमीच्या सुईशी त्याची जोडी जमते. वाणासाठी वीस-पंचवीस एकसारख्या वस्तू करायच्या असतील तर सगळे गुंडे एकदम आणि एकाच लॉट नंबरचे घ्या. दुसऱ्या लॉटचा ‘तोच’ रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सारखा वाटतो, उन्हात वेगळा दिसतो. लाल-मरून कॉटन पांढऱ्यासोबत वापरणार असाल तर आधी हातभर दोरा ओल्या पांढऱ्या चिंधीत रात्रभर गुंडाळून ठेवा. रंग उतरला तर तो गुंडा एकरंगी वस्तूलाच वापरा, मीठ-पाण्याच्या भरवशावर राहू नका.

किटमधली पुस्तिका अमेरिकन पद्धतीची आहे. त्यातलं ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब (बुटका टाका) आणि ‘डबल क्रोशे’ म्हणजे खांब (उंच टाका). ब्रिटिश नमुन्यात मुक्या खांबालाच ‘डबल’ म्हणतात आणि खांबाला ‘ट्रेबल’. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर तो बहुधा अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्द वापरत नाहीत.

सुरुवात कोस्टरने करावी. दोरा बोटाभोवती गुंडाळून आवळता येणारी कडी करा, शेपूट (दोऱ्याचं सुटं टोक) १५ सेंमी ठेवा. कडीत ३ साखळ्या (सुईने एकातून एक ओढलेले फासे) घाला, त्या पहिला खांब म्हणून धरायच्या. मग ११ खांब, एकूण १२. शेपूट ओढून मधलं भोक बंद करा आणि तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिचने (नुसत्या जोडणीच्या टाक्याने) फेरा जोडा. दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक टाक्यात दोन खांब, झाले २४. तिसऱ्यात एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं आळीपाळीने, झाले ३६. शेवटी मुक्या खांबाची कड. व्यास साधारण १० सेंमी येतो आणि दोरा ९-१० मीटर लागतो, म्हणजे सहाचा सेट ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात आरामात बसतो.

दर फेऱ्याला बाराच टाके का वाढवायचे, हे पुस्तिका सांगत नाही. फेरा एका खांबाच्या उंचीने बाहेर सरकला की परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पटीने वाढतो. खांब त्याच्या रुंदीच्या जवळपास दुप्पट उंच असतो, म्हणून सहाच्या दुप्पट, बारा. मुका खांब उंचीला आणि रुंदीला जवळपास सारखाच, म्हणून त्याला दर फेऱ्याला सहा. एवढं कळलं की गोल वस्तूचा नमुना शोधत बसावं लागत नाही. कोस्टरची वाटी झाली तर टाके कमी पडलेत किंवा हात घट्ट आहे. आधी मोजा, मोजणी बरोबर असेल तर अर्धा मिमी मोठी सुई घ्या. झालरीसारखा हेलकावे खात असेल तर टाके जास्त झालेत. सगळ्यात जास्त गोंधळ फेऱ्याच्या सांध्यावर होतो: जोडणीचा स्लिप स्टिचच टाका समजून त्यात खांब घातला जातो आणि ३६ चे ३७ होतात. सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत मार्कर अडकवला की हा घोळ थांबतो. किटमधले मार्कर त्यासाठी ठीक आहेत, पण उघडझाप करून लवकर तुटतात. साधी सेफ्टी पिन चालते.

खरा वेळ विणण्यात जात नाही, शेपटं लपवण्यात जातो. कॉटन गुळगुळीत, एका दिशेने ओवलेलं शेपूट दोन धुण्यांत बाहेर येतं. मधल्या कडीचं शेपूट भोकाभोवती एक पूर्ण वेढा ओवून मग उलट दिशेने परत आणायचं, नाहीतर मध्यभागी भोक उघडतं. किटमधल्या शिवायच्या दोन सुयांचं नेढं मोठं आहे, टोक बोथट आहे. डब्यातली ही सर्वांत कमी चर्चेची आणि सर्वांत उपयोगी वस्तू. शेवटी कोस्टर ओले करून, टाचण्या लावून सपाट वाळवा. रुखवतासाठी कडक हवे असतील तर साबुदाण्याची पातळ खळ. रोज वापरायच्या कोस्टरना खळ लावू नये, पहिल्या सांडलेल्या चहात ती चिकट होते.

वाणासाठी याहून झटपट काही हवं असेल तर केसांचा स्क्रंची. साध्या केसांच्या रबरवर दोरा जोडून ३ साखळ्या, मग रबर पूर्ण झाकेपर्यंत ६०-७० खांब, आणि वरून प्रत्येक टाक्यात दोन-दोन खांबांचा आणखी एक फेरा. बाजारात यासाठी मखमली लोकर सुचवतात. दिसते छान, पण त्यात टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपून विणावं लागतं आणि कापलेल्या टोकाचे तंतू झडत राहतात. पहिल्या दहा-पंधरा वस्तू साध्या दोऱ्यातच करा.

किटमध्ये दोन सुयांवरच्या विणकामाचं काही नाही. त्यासाठी दुकानात ८ नंबरच्या सुया मागाव्या, त्या ४ मिमीच्या असतात. इथे नंबर वाढला की सुई बारीक होते, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. सगळ्या ओळी सुलट विणलेला मफलर सपाट राहतो. एक सुलट, एक उलट ओळ केली की कडा गुंडाळतात आणि इस्त्रीने त्या कायमच्या सरळ होत नाहीत. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली तर लोकर चपटी होऊन लुळी पडते, ती परत फुलत नाही. सुटलेला टाका वर उचलायला मात्र किटमधली क्रोशाची सुई कामाला येते.

बाळंतविड्यात द्यायचं टोपडं क्रोशाने सोपं जातं. मऊ बेबी अॅक्रिलिक, ४ मिमी सुई, २९ साखळ्या. प्रत्येक ओळीत २८ मुके खांब, तेही टाक्याच्या फक्त मागच्या कडीत, म्हणजे पट्टी ताणली जाते. ओळ उलटताना एक साखळी. लांबी ओळी मोजून ठरवू नका, टेपने मोजा: नवजात बाळाला ३२ सेंमी पुरे. टोकं शिवा, वरच्या कडेला धावदोरा घालून आवळा, खालची कड दोन सेंमी दुमडा. लोकर ३०-३५ ग्रॅम लागते. दर ओळीत टाके मोजले नाहीत तर आयताचा हमखास त्रिकोण होतो, कारण ओळीचा शेवटचा टाका दुमडीत लपतो आणि सुटतो.

टोपड्याला गोंडा, बटण, मणी काही नको. ते निघून बाळाच्या तोंडात जाऊ शकतं. जाळीदार नमुन्याचे पायमोजेही टाळा, बोटं जाळीत अडकतात. आतल्या बाजूला सैल दोरा राहिला नाही ना, हे टोपडं उलटं करून बघायचं. आणि सोबत लेबलचा तुकडा द्या. ते अॅक्रिलिक आहे आणि त्यावर इस्त्री फिरवायची नाही, हे घेणाऱ्याला कळायला दुसरा मार्ग नसतो.