झाडं ओळखणारं ॲप आणि कमाटीबाग: वर्षभरानंतर

परवा सकाळी बडोद्यात काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळ स्कूटर लावत होते, तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला. खात्यातून 1,899 रुपये गेले होते. झाडं ओळखणाऱ्या ॲपची वार्षिक वर्गणी परस्पर नव्याने भरली गेली होती. हे ॲप मी जूनमध्येच मोबाइलमधून काढून टाकलं होतं. ॲप काढलं की वर्गणीही थांबते असं मी धरून चालले होते. तसं नसतं, हे 1,899 रुपये गेल्यावर कळलं.

ॲपचं नाव लिहीत नाही. सगळ्यांची कामाची पद्धत थोड्याफार फरकाने एकच आहे, त्यामुळे अनुभव कुणालाही उपयोगी पडेल.

सुरुवात गेल्या ऑक्टोबरमधली. डॉक्टरांनी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं, म्हणून आम्ही दोघं कमाटीबागेत जायला लागलो. कागदावर सयाजीबाग, पण आमच्या घरात कमाटीबागच म्हणतात. 2024 च्या ऑगस्टअखेर बागेतून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी 26 फूट. ऑक्टोबरातसुद्धा खालच्या बाजूच्या कितीतरी खोडांवर त्या पुराच्या गाळाची करडी रेघ दिसत होती, माझ्या डोक्याच्याही वर. बाबा त्या रेघेला हात लावून उभे राहायचे.

पहिल्याच आठवड्यात एका वळणावर उग्र, गोड वास आला. "कशाचा गं हा?" बाबांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. ॲप घेतलं ते त्या दिवशी. खाली पडलेल्या डहाळीचा फोटो काढला आणि दोन सेकंदांत उत्तर आलं: ब्लॅकबोर्ड ट्री. त्याच्या लाकडाचे शाळेतले फळे करायचे म्हणून ते नाव. शास्त्रीय नाव वाचल्यावर कळलं की ही सप्तपर्णी. बाबांनी पानं मोजली. एका झुबक्यात सात, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात आठ. दोघंही खूश. तेव्हा मी ॲपला पाचपैकी पाच तारे दिले होते आणि बहिणीलाही घ्यायला लावलं होतं.

आणखी एका गोष्टीचं श्रेय ॲपला द्यायला हवं. दाराच्या तोरणाला ज्याची पानं लावतो त्या उंच, सरळ झाडाला मी जन्मभर अशोक म्हणत आले. तो आसोपालव. सीतेचा अशोक वेगळा, त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ थेट जून फांद्यांवर येतात. ॲपने हा फरक अचूक सांगितला. वाफ्यातली फुलझाडं, कडेचं तण, वेली, या सगळ्यांत ते क्वचितच चुकलं.

चुकायला लागलं ते मोठ्या झाडांवर. आणि कमाटीबागेत जायचं ते मोठ्या झाडांसाठीच. ॲप तुमचा फोटो त्याने आधी पाहिलेल्या फोटोंशी ताडून बघतं, आणि ते बहुतेक पानांचे, फुलांचे, जवळून काढलेले असतात. इथे पहिलं पान तीस-चाळीस फुटांवर. खालून फोटो काढला तर नुसता काळा पसारा येतो. खोडाचा काढला तर एकाच झाडाला सोमवारी एक नाव, गुरुवारी दुसरं. फुलं नसताना गुलमोहर आणि पेल्टोफोरम यांत ते दरवेळी घोटाळा करायचं, कारण दोघांची पानं तशीच पिसासारखी. बाबा खाली वाकून शेंग उचलायचे. हातभर लांब, तलवारीसारखी, टणक असेल तर गुलमोहर. बोटाएवढी, तांब्याच्या रंगाची, चपटी असेल तर पेल्टोफोरम. शेंगेचा फोटो काढा, असं ॲप कधीच सुचवत नाही.

तरीही मार्चपर्यंत माझे चार तारे कायम होते. ते उतरले एका झाडावरून. हे मला सविस्तर सांगायचंय, कारण माझा सगळा राग तिथला आहे.

आमच्या वाटेवर एक गर्द, गोल माथ्याचं झाड आहे. पान चकचकीत, कडेला लाटा असलेलं. एका खालच्या फांदीचा फोटो काढला तेव्हा ॲप म्हणालं, स्पॅनिश चेरी. मी मानलं. परदेशातून आणून लावलेलं असेल. बाबा त्याला बोरसल्ली म्हणायचे, आणि मला वाटायचं ते दुसऱ्याच कुठल्या झाडाबद्दल बोलतायत. पाच महिने आम्ही त्याच्याखालून गेलो.

एप्रिलमध्ये ऊन वाढलं, म्हणून साडेसातऐवजी सहाला जायला लागलो. एरवी आम्ही पोचेपर्यंत झाडलोट झालेली असायची. त्या दिवशी जमीन तशीच होती. झाडाखाली नखाएवढी मळकट पांढरी फुलं पडली होती, चांदणीसारखी, मधोमध भोक. एक उचलून नाकाला लावलं आणि तिथेच खाली बसले. माझ्या रत्नागिरीच्या आजीच्या ट्रंकेत नऊवारीच्या घड्यांमध्ये वाळलेल्या बकुळीचे वळेसर असायचे. फुलं तपकिरी झाली तरी वास जात नाही. फुलं मला ठाऊक होती, झाड कधी पाहिलं नव्हतं.

बकुळ म्हणजे बोरसल्ली म्हणजे स्पॅनिश चेरी! एकच झाड.

"मी तर ऑक्टोबरपासून सांगतोय," बाबा म्हणाले आणि रुमाल पसरून फुलं वेचायला लागले.

ॲपने खोटं काही सांगितलं नव्हतं, हे मी मान्य करते. पण वर्षाला 1,899 रुपये भारतातल्या लोकांकडून घेता, तर बकुळीला बकुळ म्हणा. बहाव्याला गरमाळो, काटेसावरीला शीमळो, पळसाला खाखरो ही गुजराती नावंही द्या. सेटिंगमध्ये मराठी निवडली तर बटणं मराठी होतात, झाडं इंग्रजीच राहतात. हे मी त्यांना दोनदा कळवलं. दोन्ही वेळा आभाराचं छापील उत्तर आलं.

लॅटिन नावाबद्दल माझी तक्रार नाही. ही बाग सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये उभारली, शंभर एकरांहून मोठी. लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानात काम केलेला जर्मन वनस्पतितज्ज्ञ क्रुम्बिगेल 1893 मध्ये बडोदा संस्थानाच्या बागा सांभाळायला आला आणि 1908 मध्ये बंगळूरच्या लालबागेत गेला. अशी माणसं लॅटिन नावाशिवाय बी मागवूही शकली नसती. मात्र त्यांनी लावलेल्या झाडांच्या सावलीत फिरणारे जी नावं घेतात, तीही त्याच झाडांची आहेत.

जूनपासून मी साधी दोनशे पानी वही वापरते. चार रकाने: मराठी, गुजराती, लॅटिन, आणि कुठे आहे. अडलं तर बाबांना विचारते, त्यांनाही अडलं तर माळीकाकांना. रायणीचं, म्हणजे खिरणीचं, झाड काकांनी दाखवलं. पान तोडून देठातून आलेलं दूध माझ्या बोटावर लावलं आणि म्हणाले, चिकू आणि बोरसल्ली याच्याच घरातली. वहीत आज 61 झाडं आहेत. खर्च पंचेचाळीस रुपये.

आता पैशांचं. तीन मेल केले. उत्तर एकच: नवा काळ सुरू झाला आहे, परतावा मिळणार नाही. आपोआप पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शोधल्यावर तो मेसेज सापडला, जाहिरातींच्या गर्दीत आलेला. 15,000 रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपीही लागत नाही, म्हणजे तो एक मेसेज सुटला की पैसे गेलेच. तेव्हा ॲप काढण्याआधी प्ले स्टोअरमध्ये वर्गणी रद्द करा, आणि यूपीआयच्या ऑटोपे यादीतूनही काढा. मी काल दोन्ही केलं.

पैसे गेलेच आहेत म्हणून ॲप पुन्हा उतरवून घेतलंय, तण ओळखायला. अडीच तारे.

सप्तपर्णी परवापासून फुलायला लागली आहे. जायचं तर सहाला जा, झाडलोट व्हायच्या आत.