‘काउच टू फाइव्ह के’ संपल्यावर पुढे काय? चढ, फार्टलेक आणि टेम्पोचा काही महिन्यांचा अनुभव

‘काउच टू फाइव्ह के’ हा नवशिक्यांना ५ किलोमीटर धावायला शिकवणारा कार्यक्रम अमेरिकेच्या जॉश क्लार्कने १९९६ मध्ये आखला. आठवड्यातून ३ दिवस, असे ९ आठवडे. सुरुवात ६० सेकंद जॉगिंग आणि ९० सेकंद चालणं, शेवटी सलग ३० मिनिटं. त्याबद्दल भरपूर लिहून झालंय, म्हणून मी त्यानंतरचं लिहिते. कार्यक्रमाचं ॲप शेवटी अभिनंदन करतं आणि थांबतं. मग बरेच जण एक तर तीच ३० मिनिटं त्याच वेगाने धावत राहतात, नाहीतर थेट मोठ्या शर्यतीला नाव देतात.

मी दिवस ३ च ठेवले. त्यातला एकच दिवस जोराचा, बाकी दोन निवांत. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि टेंडन (स्नायू हाडांना जोडणारे दोर) सरावायला महिने लागतात. नवव्या आठवड्यानंतर छाती ‘पळ’ म्हणते तेव्हा नडगी अजून तयार नसते, आणि नवे धावणारे बरेचदा इथेच जायबंदी होतात.

पहिले काही आठवडे फक्त स्ट्राइड्स केल्या. निवांत धावणं संपत आलं की २० सेकंद झपाट्याने, पण जीव खाऊन नाही. मग श्वास पूर्ण जागेवर येईपर्यंत चालायचं. असं चार वेळा. एवढ्यानेच पावलं हलकी पडायला लागली.

त्यानंतर चढ. पुण्यात राहून हे न करणं म्हणजे घरचं ताट सोडून उपाशी राहणं. मी एआरएआयच्या टेकडीचा डांबरी रस्ता निवडला. दिवस बुधवार, वेळ उजाडतानाची, कारण नंतर गाड्या वाढतात. एका वळणापासून साधारण ४० सेकंद वर धावायचं आणि चालत खाली यायचं. नजर पायाशी न ठेवता दहा-पंधरा फूट पुढे, पावलं छोटी, हात कोपरापासून मागे. पहिल्या दोन फेऱ्या सोप्या वाटतात. तिसरीला पोटऱ्या भरून येतात, आणि चौथीला खांदे कानांकडे चढायला लागले की समजावं, आज बास. चढावर वेग कमी असतो, त्यामुळे सपाटीवर जोरात धावताना पाय जसे आपटतात तसे आपटत नाहीत. हृदयाला मात्र मेहनत पुरेपूर. खाली धावत येऊ नका, ते मांड्यांना आणि गुडघ्यांना महागात पडतं. माझ्या मते नवशिक्यासाठी यापेक्षा चांगला जोराचा व्यायाम नाही, आणि तो इंटरव्हलच्या (ठरलेलं अंतर जोरात, मध्ये विश्रांती, असं पुन्हा पुन्हा) आधीच यायला हवा.

फार्टलेक ही १९३० च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मेरने रुजवलेली पद्धत. घड्याळ लागत नाही. दिव्याचे दोन खांब जोरात, तीन हळू, मनाला येईल तसं. आमच्या गल्लीत कुत्री मागे लागतात, म्हणून मी हे मैदानाच्या बाहेरच्या रस्त्यावर करते.

टेम्पोला, म्हणजे जोराच्या पण टिकवता येईल अशा वेगाने सलग धावण्याला, मी बरेच दिवस घाबरत होते. सलग २० मिनिटांऐवजी ५ मिनिटांचे तीन तुकडे केले, मध्ये २ मिनिटं हळू जॉगिंग, आणि जमायला लागलं. वेग बरोबर आहे का, हे बोलून कळतं: तीन-चार शब्द निघावेत, अख्खं वाक्य नाही. मनगटावरच्या घड्याळात दिसणारे हृदयाचे ठोके वेग बदलला की मागे पडतात, तेव्हा छोट्या तुकड्यांसाठी त्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात तर किलोमीटरचा वेळ बघायचाच नाही, श्वासावर चालायचं. एप्रिलमध्ये सातनंतर तोच वेग दुप्पट जड जातो.

आणि निवांत दिवस खरंच निवांत हवेत. आम्ही दोघी मैत्रिणी धावता धावता मुलांच्या ॲडमिशनची अख्खी कहाणी सांगू शकतो, एवढा हळू. ओळखीचे लोक चालत पुढे गेले तरी चालेल. बुधवारी चढाला जोर लागतो तो या हळू दिवसांमुळेच. ५ किलोमीटरला आधी ३९ मिनिटं लागायची, आता ३४ च्या आसपास. त्याहून मोठा आनंद हा, की जुनी तीच फेरी आता न धापता होते.

४०० मीटरचे इंटरव्हल मी आत्ता कुठे सुरू केलेत, त्यावर मत द्यायला वेळ आहे. ३० मिनिटं अजून ओढूनताणून होत असतील, तर यातलं काही करू नका. ९ वा आठवडाच पुन्हा करा. नडगीवर बोट दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर धावणं थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात टेकडीच्या पायवाटा निसरड्या होतात, तेव्हा डांबरी रस्ताच बरा.

आता रविवारचं धावणं थोडं थोडं वाढवून १० किलोमीटरवर न्यायचंय. बुधवारचा चढ तसाच ठेवणार आहे.