जोडलॉकांचा चढ: चेशरमधील नॅरोबोट सहल

इंग्लंडमधील ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर आम्ही आठवडाभरासाठी भाड्याने घेतलेली नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीची लांब, चिंचोळी बोट, स्वच्छ होती आणि तिच्या इंजिनाने एकदाही त्रास दिला नाही. तरीही ही सहल करावी ती व्हीलॉकपासून हार्डिंग्ज वूडपर्यंतच्या चढासाठी. सुमारे ७ मैलांत येथे २६ लॉक आहेत (लॉक म्हणजे दोन दारांमधले पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणारी कोठी), म्हणून बोटवाले या टप्प्याला ‘हार्टब्रेक हिल’ म्हणतात. आम्ही तो दोन दिवसांत चढलो. एका दिवसात उरकण्याची घाई कोणी करू नये.

अभियंते जेम्स ब्रिंडली यांनी आखलेला हा कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. माथ्यावरचा हेअरकॅसल बोगदा इतका अरुंद होता, की त्यात समोरासमोरच्या बोटींना जागाच नव्हती आणि नावाडी आडवे होऊन, भिंतींना पाय लावून बोट रेटत असत. अभियंते थॉमस टेलफर्ड यांचा शेजारचा दुसरा बोगदा १८२७ मध्ये खुला झाल्यावर तेथील कोंडी सुटली, पण आता ती लॉकांपाशी होऊ लागली. त्यामुळे १८३० च्या दशकात जुन्या लॉकांना लागून तितकेच अरुंद, जेमतेम ७ फुटी, दुसरे लॉक बांधण्यात आले.

या जोडीची खरी करामत मधल्या भिंतीत होती. भरलेल्या लॉकमधली बोट खाली उतरवताना भिंतीतली झडप उघडली, की शेजारच्या रिकाम्या लॉकमध्ये पाणी शिरे आणि दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत वाहत राही. खाली सोडावे लागे ते फक्त उरलेले अर्धे पाणी. प्रत्येक खेपेला लाखभर लिटर पाणी माथ्यावरून खाली जात असताना ही बचत किती मोलाची होती, हे काठावर उभे राहून लॉक रिकामा होताना पाहिल्यावरच उमगते. मधल्या झडपा आता बहुतेक ठिकाणी वापरात नाहीत आणि काही जोड्यांतला एक लॉक बंद पडला आहे, याचे मनापासून वाईट वाटते. याच चढावरच्या थर्लवुडला मिठाच्या उपशामुळे जमीन खचत असल्याने १९५८ मध्ये उभारलेला पोलादी लॉकही आज उरलेला नाही.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. बोट देणाऱ्यांनी आम्हाला केवळ एकेरी लॉक चालवून दाखवला; जोडीपैकी ज्या लॉकमधले पाणी आपल्या बोटीच्या पातळीला आहे तोच निवडावा, म्हणजे वेळ आणि पाणी दोन्ही वाचते, हे आम्हाला पाचव्या लॉकवर एका वृद्ध बोटवाल्या बाईंनी सांगितले. बोट ताब्यात घेताना हे विचारून घ्यावे, आणि झडपा उचलण्याचे दुसरे हँडलही मागून घ्यावे, कारण आमचे एकुलते एक हँडल तिसऱ्याच लॉकमध्ये पडले.