दोन नकारांनंतर तिसरी ईबी-१ए याचिका : सल्लासेवेचा सात महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करता करता मी अमेरिकेच्या ईबी-१ए वर्गातून, म्हणजे असामान्य क्षमतेच्या व्यक्तींसाठीच्या ग्रीन कार्डाच्या वर्गातून, कोणत्याही कंपनीच्या आधाराविना, आय-१४० याचिका (ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) दोनदा दाखल केली आणि दोन्ही वेळा ती नाकारली गेली. तिसऱ्या खेपेस एक सशुल्क सल्लासेवा घेतली.

पैसे वसूल झाले ते पहिल्या पंधरवड्यातच, कारण त्यांनी दोन्ही नकारपत्रे माझ्याकडून ओळीओळीने वाचून घेतली. या वर्गासाठी ठरवलेल्या दहा निकषांपैकी तीन पूर्ण झाले की काम झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात अमेरिकी न्यायालयाच्या २०१० च्या कझारियन निकालानंतर याचिका तपासणारा अधिकारी निकष मोजून थांबत नाही, तर सगळा पुरावा एकत्र तोलून अर्जदार आपल्या क्षेत्रातील मोजक्या अग्रणींपैकी आहे का, हे स्वतंत्रपणे ठरवतो. दुसऱ्या वेळी मी नेमका तिथेच घसरलो होतो.

मूळ, म्हणजे स्वतःच्या नव्या, योगदानाच्या निकषासाठी जोडलेली पाचही पत्रे माझ्याच साहेबांची व सहकाऱ्यांची होती आणि त्यांत ‘अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक’ यापलीकडे फारसे काही नव्हते. स्थळ सुचवताना ती उपयोगी पडली असती. या वेळी गोकुळ शिरगावच्या ज्या फाउंड्रीत मी कधीच नोकरीला नव्हतो, पण जिथे माझी रायझरची (धातू थिजताना कमी पडणारा रस पुरवणाऱ्या साच्यातील भागाची) रचना वापरात आहे, तिथल्या रिजेक्शनच्या, म्हणजे बाद मालाच्या, वहीची आधीची व नंतरची पाने मिळवली. कडांवर काळ्या वाळूचे ठसे आणि ‘रात्रपाळी, श्रिंकेज, भंगारात’ अशा मराठी नोंदी (श्रिंकेज म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी). इंग्रजी भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराचे प्रमाणपत्र त्यासोबत लागते. पहिल्या याचिकेत मी नुसती भाषांतरे जोडली होती.

तक्रार आहे ती पत्रांच्या मसुद्यांबद्दल. दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या नावे आलेल्या मसुद्यांत एक परिच्छेद शब्दशः सारखा निघाला आणि विचारल्यावर ‘भाषा बदलून देतो’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी मी दोघांनाही विनंती करून त्यांच्याच शब्दांत पत्रे लिहून घेतली.

पूर्वीच्या याचिकांविषयी फॉर्ममध्ये थेट विचारणा असल्याने नकार लपवण्याचा प्रश्नच नव्हता. सोबतच्या पत्रात नकाराचा एकेक मुद्दा देऊन त्याखाली नवा पुरावा मांडला. निर्णय अजून यायचा आहे. नाकारलेल्या याचिकांची प्राधान्य तारीख (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) पुढे चालत नाही, त्यामुळे मंजुरी मिळाली तरी ग्रीन कार्डासाठीच्या भारतीयांच्या रांगेत माझा नंबर या तिसऱ्या याचिकेच्या तारखेपासूनच लागेल.