धावणाऱ्यांचं हार्ट पॅकेज: डॉक्टर झकास, पॅकेज पुरुषांच्या मापाचं

साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलने (नाव मुद्दाम देत नाही) लांब पल्ल्याच्या धावकांसाठी हृदयतपासणीचं पॅकेज काढलंय. हिल हाफ मॅरेथॉनचा यवतेश्वर घाट तोंडावर होता, म्हणून मी आणि नवऱ्याने जोडीनेच करून घेतलं. ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर पळवून ईसीजी), रक्त आणि आहारसल्ला.

आधी डॉक्टरांबद्दल. नवऱ्याच्या ईसीजीवर मशीनने 'सायनस ब्रॅडिकार्डिया' (म्हणजे हृदयाचे ठोके मंद) छापून टाकलं, मिनिटाला ठोके ४८. सासूबाईंच्या हाती तो कागद लागता तर त्यांनी देव पाण्यात ठेवले असते. डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, "आठवड्याला किती किलोमीटर? चक्कर वगैरे?" वर्षानुवर्षं पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्याजागी ठोके कमी पडतात, एवढं सांगून विषय संपवला. उगाच पुढच्या तपासण्या गळ्यात मारल्या नाहीत.

एलडीएलवर (वाईट कोलेस्टेरॉलवर) मात्र त्यांनी नवऱ्याला धरलं. आकडा १५८. रविवारच्या लाँग रननंतर मिसळ, वर कंदी पेढे, आणि "पळतो की, जिरतं सगळं" हे ठरलेलं उत्तर. पळण्याने ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं, पण एलडीएलवर त्याचा फारसा जोर चालत नाही, तिथे ताट आणि खानदान बोलतं, असं डॉक्टर म्हणाले. उदाहरण दिलं जिम फिक्सचं: अमेरिकेला जॉगिंगचं वेड लावणारा हा माणूस १९८४ मध्ये ५२व्या वर्षी पळायला गेला असतानाच हार्ट अटॅकने गेला, आणि त्याचे वडीलही हृदयविकारानेच तरुणपणी गेले होते. वर्षानुवर्षं मॅरेथॉन पळणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांच्या हृदयाच्या रोहिण्यांत साचलेलं कॅल्शियम (अडथळ्याची खूण) इतरांपेक्षा जास्त सापडू शकतं, बायकांत ते तितकं ठळक दिसलेलं नाही, हेही तिथेच कळलं. नवरा घरी येईपर्यंत गप्प होता.

आता पॅकेज. दोघांना एकच फॉर्म. त्यात प्रोस्टेटची पीएसए टेस्ट फुकट, माझ्या फॉर्मवर त्यावर नुसती काट मारलेली. बदल्यात काय? काही नाही. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची टेस्ट) हवं तर ६५० रुपये वेगळे. काउंटरवर उत्तर मिळालं, "मॅडम, हिमोग्लोबिन आहे ना त्यात!" हिमोग्लोबिन माझं १२.४, म्हणजे ठीकच. फेरिटिन आलं ११. लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन त्यानंतर घसरतं. पाळी सुरू असलेल्या, वर पळणाऱ्या बाईला हीच टेस्ट पॅकेजात नाही!

ती कसर आहारतज्ज्ञ मुलीने भरून काढली. तिने पहिल्याच मिनिटाला पाळी नियमित आहे का विचारलं, मग उपवास कुठल्या वारी आणि लाँग रन कुठल्या वारी. कमी खाऊन जास्त पळलं की इस्ट्रोजेन घसरतं, पाळी चुकायला लागते, आणि फटका हाडांबरोबर रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही बसतो. बाई सडसडीत आहे म्हणजे हृदय ठणठणीत, असं नाही. छापील तक्त्यात क्विनोआ आणि अव्होकाडो होतं (साताऱ्याच्या मंडईत अव्होकाडो शोधण्यात आणखी एक हाफ मॅरेथॉन व्हायची). तिने पेनने दोन्ही खोडून नाचणीची भाकरी आणि मटकीची उसळ लिहिलं, उसळीवर लिंबू, आणि खाली दोनदा अधोरेखित करून: 'जेवणाला लागून चहा नाही.' नवऱ्याच्या कागदावर तळण बंद, जवसाची चटणी चालू. लाँग रनमध्ये दोघांनाही तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एनर्जी जेल घशाखाली उतरत नसेल तर खजूर चालेल म्हणाली.

पाचात साडेतीन. जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर घ्या, नऊनंतर इकोची रांग हलत नाही. पळायचे बूट न्या, आदल्या दिवशी लाँग रन नको, रक्तातले आकडे उगाच हलतात. आणि बायकांनो, फेरिटिन आणि बी१२ बुकिंग करतानाच जोडून मागा. नंतर सांगितलं की पुन्हा सुई टोचतात.