ओव्याचं फूल मेलीफेराच्या पेटीत: पाचपैकी चार स्टार

सांगलीत गणपती पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात ओव्याचं फूल मिळतं, तेच थायमॉल. लोक अमृतधारा करायला नेतात, मी मेलीफेरा या पाळीव मधमाशीच्या पेट्यांतल्या व्हरोवा कोळ्यासाठी, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या बारीक किडीसाठी, नेतो. माल चांगला असतो, खडे स्वच्छ पारदर्शक आणि डबी उघडली की ओव्याचा झणझणीत वास. फक्त पुदिन्याचं फूल (मेन्थॉल) पण दिसायला तसंच असतं त्यामुळे वास घेतल्याशिवाय घेऊ नका, आणि कापरासोबत एका पुडीत तर अजिबात बांधून घ्यायचं नाही, दोन्ही एकत्र आले की पातळ पाणी होतं.

काम करतं का? करतं, पण हवामान बघूनच. हे औषध पेटीत वाफ होऊन पसरतं आणि त्या वाफेनं कोळी मरून खाली पडतो. साधारण 15 ते 30 डिग्रीत वाफ बरोबर सुटते. गारठ्यात खडा तसाच पडून राहतो, आणि एप्रिल-मेत जत-आटपाडीकडं पारा 40 ला टेकतो तेव्हा सगळं एकदम उडतं, माश्या पेटीबाहेर येऊन झुंबड करतात, राणी अंडी घालायची थांबते. बाहेरच्या देशातल्या माहितीत मध काढून झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात लावा असं असतं, पण तो त्यांचा उन्हाळ्याचा शेवट. माझं ठाम मत आहे की आपल्याकडं जुलै-ऑगस्टच योग्य, दिवसा 28 च्या आसपास, रात्री 20-22, बाहेर फुलोरा कमी, मधाच्या कोठ्या (पेटीवरचे मध साठवायचे मजले) उतरवलेल्या. कोठ्या उतरवलेल्याच पाहिजेत बरं का, नाहीतर मधाला ओव्याचा वास आणि चव लागते आणि तो मध गिऱ्हाईकाला देताच येत नाही.

एकदा लावून सोडून देणाऱ्यांसाठी हे औषध नाही. व्हरोवाची मादी घर सील व्हायच्या जरा आधी अळीच्या घरात शिरते आणि झाकणाखाली पिल्लं घालते, तिथं थायमॉलची वाफ पोचत नाही. कामकरी माशीचं घर साधारण 12 दिवस बंद असतं, नराचं त्याहून जास्त, म्हणून तर कोळ्याला नराची घरं जास्त आवडतात. त्यामुळं दोन आठवड्यांनी दुसरा डोस हवाच. तयार जेलच्या ट्रेत 50 ग्रॅमला 25 टक्के म्हणजे 12.5 ग्रॅम थायमॉल असतं आणि ते हळूहळू सुटतं. सुटा खडा स्वस्त आहे पण कधी किती उडेल याचा भरवसा नाही, एक स्टार मी यासाठीच कापला. नवीन माणसानं जेलच घ्यावी, पैसे जास्त गेले तरी चालतील पण राणी जाऊ नये.

लावायच्या आधी आणि नंतर मोजा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका. अर्धा कप माश्या म्हणजे सुमारे 300, जाळीचं झाकण असलेल्या बरणीत घ्यायच्या, वर पिठीसाखर टाकून हलवायचं, कोळी सुटून जाळीतून खाली पडतात, माश्या परत पेटीत. फ्लुवालिनेट या कोळी मारायच्या रसायनाच्या पट्ट्या वर्षानुवर्षं लावल्या की कोळ्याला त्याची सवय होते हे जगभर दिसलंय, म्हणून ओव्याच्या फुलासारखं दुसरं हत्यार हाताशी असणं फार गरजेचं आहे.

सातेरी ही आपली देशी मधमाशी पाळणाऱ्यांनी, म्हणजे महाबळेश्वर, मांघर, जावळीकडच्यांनी, हे उगाच लावू नये. व्हरोवा मुळात सातेरीच्याच जातीवरचा, ती माशी त्याला अंगावरून काढून टाकते आणि तो बहुतेक नराच्याच घरात वाढतो, त्यानं पेटी मरत नाही. आणि आग्या माशीकडून येणारा ट्रोपिलेलॅप्स कोळी असेल तर त्याला पूर्ण वाढलेल्या माशीला चावा घेऊन जगता येत नाही, पेटीत माशीची पिल्लं नसली की तो काही दिवसांत मरतो, तिथं राणी थोडे दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवणं जास्त कामाचं.

खडे हाताळताना हातमोजे घाला, डोळ्याला लागलं तर फार झोंबतं.