साप शिकवायचे: पत्त्यांनी की सुतळीने?

पाचवी-सहावीच्या मुलांना आपल्याकडचे साप शिकवायचे तर दोन खेळ हाताशी आहेत: जोड्या लावायचे पत्ते आणि सुतळीचं अन्नजाळं.

ओळख पटवायला पत्त्यांना तोड नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार प्रमुख विषारी साप एकीकडे, त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी दुसरीकडे. मण्यार-कवड्या ही जोडी सगळ्यात जास्त भांडणं लावते, आणि तेच तर हवं! मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्याजवळ पुसट असतात किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचं उलट: मानेपासून ठळक, मागे फिके. हे बघायला मुलं पत्ता अगदी नाकाला लावतात. मात्र फोटो खरे हवेत, कार्टूनमधला हिरवागार नाग काही कामाचा नाही. आणि पत्त्यात ओळखला म्हणून खऱ्या सापाजवळ जायचं नाही, हे आधीच ठणकावून सांगा.

सुतळीच्या खेळात कुणी भात होतो, कुणी उंदीर, धामण, सर्पगरुड; कोण कुणाला खातं त्याप्रमाणे सगळ्यांच्या हातात एकमेकांना जोडणारी ताणलेली सुतळी असते. ‘धामण मारली’ म्हटलं की धामण झालेली मुलगी सुतळी सोडते. ढिलाई उंदराच्या आणि गरुडाच्याही हाताला कळते. उंदीर वाढले तर भाताचं काय, हा प्रश्न मग मुलंच काढतात. पण पटसंख्या मोठी असेल तर निम्मी मुलं नुसती उभी, आणि मैदान लागतंच.

एकच तास मिळणार असेल तर मी पत्ते घेईन. साप दिसला की काठी शोधणाऱ्या गावात मात्र सुतळी आधी.